हसू, अशक्य चित्र आणि स्वतःबद्दल बोलणारं वाक्य : मेंदूची दुसरी पायरी

तिरपी रेघ (शनिवार, सकाळी १०.२०)

२३ ऑक्टोबर १८९२ रोजी म्युनिकच्या ‘फ्लिगेंडं ब्लेटर’ या विनोदी साप्ताहिकात एक छोटं चित्र छापून आलं. डावीकडे तोंड केलेलं बदक म्हणावं तर बदक, उजवीकडे तोंड केलेला ससा म्हणावा तर ससा. वर प्रश्न होता, एकमेकांसारखे सर्वांत जास्त दिसणारे प्राणी कोणते? आणि खाली उत्तर, ससा आणि बदक. गंमत म्हणून छापलेलं चित्र. १८९९ मध्ये जोसेफ जॅस्ट्रो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं ते उचललं आणि सांगितलं की आपण नुसत्या डोळ्यांनी बघत नाही, मनानंही बघतो. पुढे तर्कशास्त्रात हयात घालवलेल्या लुडविग विटगेनस्टाइनला त्याच चित्रानं पछाडलं. ‘दिसणं’ आणि ‘अमुक म्हणून दिसणं’ यांतला फरक सांगायला त्यानं ते वापरलं, आणि त्याच्या मृत्यूनंतर १९५३ मध्ये छापलेल्या पुस्तकातून ते जगभर गेलं.

तरुणी आणि म्हातारी एकाच रेषेत दाखवणारं ते दुसरं प्रसिद्ध चित्रही असंच. जुन्या जर्मन पोस्टकार्डावर ते होतं, पण गाजलं ते १९१५ मध्ये विल्यम एली हिल यांनी ‘पक’ या अमेरिकन विनोदी नियतकालिकासाठी काढलं तेव्हा. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ते त्यानंतर शिरलं.

मेंदू कसा बघतो हे शिकवणारी दोन चित्रं विनोदी नियतकालिकांतून यावीत, हा मला योगायोग वाटत नाही. विनोदाला आणि या चित्रांना मेंदूचं एकच काम लागतं. मांडलेला एक अर्थ मोडायचा आणि त्याच ओळींतून, त्याच रेषांतून दुसरा उभा करायचा.

१९७२ मध्ये जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञानं विनोद कळण्याच्या दोन पायऱ्या सांगितल्या. पहिली पायरी, अपेक्षेला धक्का. दुसरी पायरी, तो धक्का बसवून घेणारा नियम सापडणं. कागदावर हे साधं दिसतं. पण १९८३ मध्ये हायरम ब्राउनेल, हॉवर्ड गार्डनर आणि सहकाऱ्यांनी मेंदूच्या उजव्या अर्धगोलाला इजा झालेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला आणि या दोन पायऱ्या खरंच सुट्या होऊ शकतात हे समोर आलं. रुग्णांना विनोदाची सुरुवात सांगायची आणि वेगवेगळ्या शेवटांतून योग्य तो निवडायला लावायचं. नमुन्यासाठी मी मराठीत एक रचते.

एक गृहस्थ डॉक्टरांना म्हणतात, “डॉक्टर, माझ्या काही लक्षातच राहत नाही.” डॉक्टर विचारतात, “कधीपासून?”
(क) गृहस्थ म्हणतात, “दिवाळीपासून.”
(ख) गृहस्थ म्हणतात, “काय कधीपासून?”
(ग) तेवढ्यात डॉक्टरांच्या खुर्चीचा पाय मोडतो आणि ते धाडकन खाली पडतात.

आपण सगळे (ख) म्हणू. त्या रुग्णांचा चुकताना कल होता तो (ग) सारख्या शेवटाकडे. विनोदात शेवटी काहीतरी अनपेक्षित घडतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते अनपेक्षित मागच्या ओळींशी जुळायलाही हवं, हे मात्र हातातून सुटलं होतं. पहिली पायरी शाबूत, दुसरी गेलेली.

आता यावरून मला जे सुचलं ते मांडते. ‘मी आत्ता खोटं बोलतोय’ हे वाक्य घ्या. खरं धरलं तर खोटं ठरतं, खोटं धरलं तर खरं. धक्का आहे आणि बसवून घ्यायची सोय नाही. म्हणजे तर्कशास्त्रातला विरोधाभास हा पहिल्या पायरीवरच उभा राहिलेला विनोद आहे. अशक्य चित्रांचंही, म्हणजे कागदावर काढता येतात पण प्रत्यक्षात घडवता येत नाहीत अशा आकृत्यांचंही, तेच. आणि ज्या क्षणी कोणाला दुसरी पायरी सापडते, त्या क्षणी आपल्याला एक तर हसू येतं, नाहीतर गणित पुढे जातं.

दुसऱ्या पायरीची तुम्हाला माहीत असलेली उदाहरणं द्या. आणि या विचाराला कुठे तडा जातो तेही सांगा.

कानामात्रा (शनिवार, दुपारी १२.०५)

रेघताई, विषय फार जिव्हाळ्याचा काढलात. स्वतःबद्दल बोलणारी वाक्यं मराठीत करून बघायचा मला नाद आहे, त्यातलं एक देतो. जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचं.

या वाक्यात बारा अक्षरे आहेत.

मोजा. या, वा, क्या, त, बा, रा, अ, क्ष, रे, आ, हे, त. बरोबर बारा. ‘बारा’च्या जागी दुसरी कुठलीही संख्या घातली की वाक्य खोटं पडतं. बाकीच्या शब्दांची अक्षरं दहा, म्हणजे संख्येच्या नावात जितकी अक्षरं तितकी दहात मिळवून तीच संख्या यायला हवी, आणि ते फक्त बाराला जमतं.

आता यात ‘एकूण’ हा निरुपद्रवी शब्द घाला.

या वाक्यात एकूण पंधरा अक्षरे आहेत.

मोजलीत तर सोळा भरतात. मग दुरुस्ती करून ‘सोळा’ लिहा.

या वाक्यात एकूण सोळा अक्षरे आहेत.

आता पंधरा भरतात! पंधरा म्हणावं तर सोळा, सोळा म्हणावं तर पंधरा. चौदा, सतरा, अठरा, काहीही घालून बघा, बसत नाही. ताईंच्या भाषेत, पहिल्या वाक्याला दुसरी पायरी आहे आणि या वाक्याला ती कधीच मिळणार नाही.

अजून एक. खोटं बोलणाऱ्याचा पेच ग्रीकांचा म्हणून सांगितला जातो. आपल्याकडे भर्तृहरीनं ‘वाक्यपदीया’च्या तिसऱ्या कांडात ‘सर्वं मिथ्या ब्रवीमि’, मी बोलतो ते सगळं खोटं, हे वाक्य चर्चेला घेतलंय. काळ साधारण पाचवं शतक. त्याचं म्हणणं असं, की हे बोलणाऱ्याला खुद्द हे वाक्य त्या ‘सगळ्या’त धरायचं नसतं. कारण तेही खोटं ठरलं तर जे सांगायला तो निघाला तेच ऐकणाऱ्याला कळणार नाही. ही दुसरी पायरीच झाली की.

घनमूळ (शनिवार, दुपारी ३.४०)

कानामात्रा, पंधरा-सोळाचं वाक्य वर्गात वापरणार. तुमच्या परवानगीनं.

भर्तृहरीचा तोडगा आणि १९३३ मध्ये आल्फ्रेड टार्स्की या तर्कशास्त्रज्ञानं काढलेला तोडगा शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत, पण ते एक नव्हेत. भर्तृहरीचा भर बोलणाऱ्याच्या विवक्षेवर आहे, त्याला काय म्हणायचंय यावर. टार्स्कीचा भर भाषेच्या थरांवर. एखाद्या भाषेतली वाक्यं खरी की खोटी हे त्याच भाषेत पुरतं सांगता येत नाही, त्यासाठी वरच्या थराची भाषा घ्यावी लागते. दोघांनीही वाक्याला स्वतःकडे बोट दाखवायला मनाई केली, कारणं वेगळी.

कुर्ट गोडेल या तर्कशास्त्रज्ञानं १९३१ मध्ये मनाई केली नाही. त्यानं उलट वाट धरली आणि ताईंच्या विचाराला सगळ्यांत घट्ट बसणारं उदाहरण मला तेच वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अंकगणिताची भाषा फक्त संख्यांबद्दल बोलते. वाक्यांबद्दल बोलायची सोय तिच्यात नाही. गोडेलनं प्रत्येक चिन्हाला, प्रत्येक सूत्राला आणि सूत्रांच्या प्रत्येक माळेला एकेक संख्या दिली. मूळ संख्यांचे घात वापरून ही संख्या अशी बनवली की तिचे अवयव पाडले की सूत्र पुन्हा हातात यावं. आता ‘अमुक सूत्राची सिद्धता आहे’ हे विधान ‘अमुक संख्यांमध्ये अमुक नातं आहे’ असं लिहिता येतं. म्हणजे संख्यांबद्दल बोलता बोलता अंकगणित स्वतःबद्दल बोलायला लागलं. मग त्यानं एक सूत्र रचलं, ज्याचा आशय असा : या पद्धतीत मी सिद्ध होत नाही.

‘मी खोटं आहे’ यात फक्त ‘खोटं’च्या जागी ‘सिद्ध न होणारं’ आलंय. एवढ्यानं काय झालं बघा. समजा ते सिद्ध झालं, तर ‘मी सिद्ध होत नाही’ हे खोटं, म्हणजे आपली पद्धत खोट्या गोष्टी सिद्ध करते. पद्धतीत असा दोष नसेल, तर ते सिद्ध होत नाही. आणि ते नेमकं हेच सांगत होतं, म्हणून ते खरं आहे. गरगर फिरणारा भोवरा थांबला. खरं आहे आणि सिद्ध होत नाही, दोन्ही एकाच वेळी, आणि त्यात विसंगती नाही. दोन हजारांहून जास्त वर्षं पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या वाक्याला एक शब्द बदलून दुसरी पायरी मिळाली. ही सिद्धता पहिल्यांदा नीट समजते तेव्हा माणूस हसतो, असं मी मुलांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

जॉन अॅलन पॉलोस या गणितज्ञानं १९८० मध्ये विनोदाचं एक भौमितिक रूपही दिलं होतं. घडी पडलेला एक पृष्ठभाग, अर्थ त्याच्या वरच्या थरावरून सरकत कडेपर्यंत येतो आणि खालच्या थरावर एकदम उडी घेतो. कॅटॅस्ट्रॉफी थिअरीतलं, म्हणजे अचानक होणाऱ्या बदलांच्या गणितातलं चित्र. मला ते सुंदर वाटतं, पण त्यातून नवं भाकीत निघत नाही, म्हणून त्यावर थांबत नाही.

अबोली (शनिवार, रात्री ९.१५)

मी पक्षाघाताच्या रुग्णांसोबत काम करते. ताई, तुमची मांडणी मला पटते, पण तडा जातो तो इथे बघा.

१९९८ मध्ये इत्झाक फ्राइड आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख दिला. अपस्माराच्या शस्त्रक्रियेआधी एका १६ वर्षांच्या मुलीच्या मेंदूच्या पृष्ठभागावर सूक्ष्म विद्युत्प्रवाह देऊन तपासणी चालू होती. डाव्या कपाळखंडाच्या वरच्या भागात, हालचालींची आखणी जिथे होते त्या पट्ट्यात, साधारण दोन सेंटिमीटर लांबी-रुंदीची एक जागा सापडली. तिथे थोडा प्रवाह दिला की ती स्मित करायची, वाढवला की खळखळून हसायची, आणि ते हसू खरं असायचं, सोबत मौज वाटायची. का हसलीस विचारलं तर दर वेळी कारण तयार. समोर घोड्याचं चित्र असेल तर तो घोडाच मजेशीर, समोर डॉक्टर उभे असतील तर ते उभे असलेलेच गमतीदार.

हसू आधी आलं आणि विनोद नंतर सापडला. धक्काही नव्हता, जुळवाजुळवही नव्हती. मग दोन पायऱ्यांचं काय?

उलटंही दिसतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये जन्मतः गाठ असलेल्या काही मुलांना हसण्याचे झटके येतात. हसण्याचा आवाज, चेहरा, सगळं तेच, आणि आत आनंद नाही. आईवडिलांना सुरुवातीला बाळ हसरं वाटतं. झटके ओळखायला उशीर होतो तो यामुळेच, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आणि उजव्या कपाळखंडाला इजा झालेले काही रुग्ण दिवसभर कोट्या करतात, थांबवता थांबत नाहीत, पण दुसऱ्यानं केलेल्या विनोदाला दाद देत नाहीत. याला विट्झेलझुख्ट असं जर्मन नाव आहे. घरच्यांसाठी ते फार थकवणारं असतं.

तिरपी रेघ (रविवार, सकाळी ८.३०)

अबोली, त्या मुलीचं उदाहरण मी बराच वेळ मनात घोळवलं. मला त्यात तडा दिसत नाही, उलट दुसऱ्या पायरीचा सगळ्यांत जोरकस पुरावा दिसतो. धक्का न बसताही हसू आलं, आणि मेंदूला ते कारणाशिवाय राहू देववेना. त्यानं घोडा पकडला, डॉक्टर पकडले. जुळवून घेणं ही विनोदापुरती सोय नाही, मेंदू सतत तेच करत असतो.

मायकेल गझॅनिगा आणि जोसेफ लडू यांचा प्रयोग याला अगदी लागून आहे. अपस्मारासाठी दोन अर्धगोलांमधला जोडपूल कापलेला रुग्ण. डाव्या अर्धगोलाला कोंबडीचा पंजा दाखवला, उजव्याला बर्फात बुडालेलं घर. मग समोरच्या चित्रांतून जुळणारी निवडायला सांगितली. उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्या हातानं फावडं. बर्फ उपसायला फावडं, बरोबरच. पण बोलणाऱ्या डाव्या अर्धगोलानं बर्फ पाहिलाच नव्हता. फावडं का, असं विचारल्यावर तो अडखळला नाही. म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं ना. गझॅनिगानं डाव्या अर्धगोलाच्या या कामाला ‘दुभाष्या’ म्हटलं.

तेव्हा माझं म्हणणं थोडं पुढे नेते. दुसरी पायरी असेल तर मेंदू ती शोधतो, नसेल तर बांधतो. आणि बांधलेली आहे हे त्याला स्वतःला कळत नाही. म्हणूनच गोडेलसारखा कोणी लागतो, जो पायरी खरी आहे हे दाखवून देतो.

कोकणकडा (रविवार, सकाळी ११.५०)

वाचतोय आणि आनंद होतोय. तरी एक मोठी गोष्ट सगळ्यांच्या लिहिण्यातून निसटतेय. माणसं विनोदाला हसतात हे गृहीतच धरलंय.

रॉबर्ट प्रोव्हाइन या मेंदूशास्त्रज्ञानं विनोद प्रयोगशाळेत न सांगता बाजारात, विद्यापीठाच्या आवारात, लोक सहज बोलत असताना कान दिला. हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग टिपले. त्यांतल्या फार तर वीस टक्के प्रसंगांतच आधी विनोद म्हणावा असं काही होतं. ‘चल, निघतो’, ‘तू पण आलीस?’ असल्या बोलण्यावर लोक हसत होते. आणि ऐकणाऱ्यापेक्षा बोलणारा जास्त हसत होता. एकटं असताना हसणं फारच कमी. म्हणजे हसू ही मुळात माणसांना जोडून ठेवणारी खूण आहे. विनोदाची जुळवाजुळव त्यावर नंतर चढलेली.

तर्काचंही तसंच असेल असं मला वाटतं. पीटर वेसनचं १९६६ चं कोडं घ्या. चार पत्ते : अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम असा, की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम खरा की खोटा हे ठरवायला कोणते पत्ते उलटायलाच हवेत?

उत्तर खाली वाचण्याआधी ठरवा.

बहुतेक जण ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. शिकलेल्या लोकांतही हे दहातल्या एखाद्यालाच जमतं.

१९८२ मध्ये रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी फ्लोरिडातल्या विद्यार्थ्यांना हेच कोडं दारूच्या गुत्त्यावरचं करून घातलं. बिअर पिणारा १९ वर्षांपेक्षा मोठा हवा. पत्ते : बिअर, कोक, वय २२, वय १६. कोणाला तपासाल? बिअर पिणाऱ्याचं वय आणि सोळा वर्षांच्या मुलाचा पेला, हे बहुतेकांनी बिनचूक सांगितलं. तर्काचा सांगाडा तोच, फक्त तिथे फसवणारा माणूस आला. मेंदूचा तर्क चिन्हांवर वाढलेला नाही, माणसांवर वाढलाय. हसूही तसंच. म्हणून ‘विनोद म्हणजे विरोधाभास अधिक तोडगा’ हे समीकरण मला अपुरं वाटतं.

घनमूळ (रविवार, दुपारी १.१०)

कोकणकडा, वर्गातला अनुभव तुमच्या बाजूनं आहे. ‘जर-तर’ची विधानं अक्षरांवर शिकवली की गोंधळ होतो. तिकीट आणि बसचं उदाहरण घेतलं की क्षणात कळतं. पण मला प्रश्न पडतो तो पुढचा. बिअरचं कोडं सुटल्यावर मुलं परत स्वर-अंकांकडे येतात तेव्हा काहींना ते एकदम दिसतं, आणि तेव्हाही ती हसतात. ते हसणं कोणाला जोडून ठेवण्यासाठी नसतं.

पहाटवारा (रविवार, दुपारी २.००)

स्वतःला गुदगुल्या का करता येत नाहीत, हे इथे बसेल का? सारा-जेन ब्लेकमोर, डॅनियल वोलपर्ट आणि ख्रिस फ्रिथ यांनी १९९८ मध्ये दाखवलं की आपल्याच हालचालीचा स्पर्श कसा लागेल हे लहान मेंदू आधीच ओळखतो आणि त्या स्पर्शाची धार कमी होते. पुढच्या प्रयोगात मध्ये एक यंत्र ठेवलं, हात हलवला की यंत्र तळहातावर फोम फिरवणार. हालचाल आणि स्पर्श यांत सेकंदाच्या दोन-तीन दशांशांचा उशीर घातला की स्वतःचाच स्पर्श जास्त गुदगुल्या करू लागला. इथे पहिली पायरी, म्हणजे अपेक्षा चुकणं, आहे. दुसरी दिसत नाही. तरी हसू येतं.

अबोली (रविवार, दुपारी २.२५)

पहाटवारा, दुसरी पायरी कदाचित ‘यात धोका नाही’ एवढीच असेल. व्ही. एस. रामचंद्रन या मेंदूशास्त्रज्ञांचा तसाच विचार आहे. काही रुग्णांना सुई टोचल्यावर वेदना जाणवते पण तिचा धाक वाटत नाही, आणि ते हसतात. मेंदूतला इन्सुला हा भाग धोक्याची वर्दी पुढे देतो, तिथेच इजा असते. वर्दी अर्धी येते आणि ‘काही नाही’ म्हणून विरते. रामचंद्रन म्हणतात, हसू म्हणजे टोळीतल्या इतरांना दिलेला निरोप, की घाबरू नका, खोटी वर्दी होती. यात कोकणकडांचं म्हणणंही येतं आणि ताईंचंही.

रंगपेटी (रविवार, सायंकाळी ६.३०)

चित्रांवर कोणी बोलेना म्हणून मी.

मेंदू, कला, विनोद आणि गणित हे चारही एका कागदावर बघायचे असतील तर अर्कचित्र बघा. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सुझन ब्रेनन यांनी एमआयटी या अमेरिकन तंत्रज्ञान संस्थेत संगणकाकडून अर्कचित्रं काढून घेतली. कृती अशी : खूप चेहऱ्यांचा सरासरी चेहरा काढायचा, समोरच्या चेहऱ्यातला प्रत्येक बिंदू सरासरीपासून किती दूर आहे ते मोजायचं आणि ते अंतर वाढवायचं. नाक सरासरीपेक्षा थोडं लांब असेल तर बरंच लांब होतं. बस, एवढंच. १९८७ मध्ये जिलियन ऱ्होड्स, ब्रेनन आणि सुझन केरी यांनी तपासलं तर ओळखीची माणसं हुबेहूब रेखाचित्रापेक्षा अर्कचित्रातून जवळजवळ दुप्पट वेगानं ओळखली गेली. फरक उलट दिशेनं कमी केला, तर ओळखायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

म्हणजे मेंदू चेहरा साठवतो तो ‘सरासरीपासून किती आणि कुठल्या दिशेला’ असा. व्यंगचित्रकाराला हे शतकानुशतकं हाताला ठाऊक आहे. रामचंद्रन आणि विल्यम हर्स्टीन यांनी १९९९ मध्ये चोळकालीन पार्वतीच्या कांस्यमूर्तींबद्दल हेच लिहिलं : स्त्रीदेहाचा पुरुषदेहापासूनचा फरक घ्या आणि वाढवा. तेवढ्यानं चोळ शिल्पाची सगळी किमया उलगडते असं मला मुळीच वाटत नाही. त्या मूर्तींचा तोल, हाताची लय, त्यांमागची भक्ती यांना तिथे जागा नाही. पण एक धागा हाती लागतो.

आपल्या शि. द. फडणीसांची आठवण इथे यायलाच हवी. शब्दांशिवाय हसवणारी चित्रं त्यांनी काढली, ‘हसरी गॅलरी’ गावोगाव नेली, आणि त्याच हातानं बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांसाठीही चित्रं काढली. बेरीज-वजाबाकीच्या पानावर हसू आणणारा माणूस. पिढ्याच्या पिढ्या त्या चित्रांतून गणिताला भिडल्या. ओळी नसलेल्या व्यंगचित्रात दुसरी पायरी संपूर्ण बघणाऱ्यावर सोडलेली असते. त्या चित्रांशी थांबणारी मुलं नकळत पुरावा शोधायला शिकत होती, असं मला मनापासून वाटतं.

घनमूळ (रविवार, रात्री ८.०५)

रंगपेटी, वा! यातलं गणित म्हणजे सदिश. सरासरी चेहरा हा आरंभबिंदू, प्रत्येक चेहरा त्यापासून निघालेला बाण, अर्कचित्र म्हणजे तोच बाण लांब केलेला. २०१७ मध्ये ल चँग आणि डोरिस साओ यांनी माकडांच्या मेंदूतल्या चेहरे ओळखणाऱ्या भागात सुमारे २०० पेशींची नोंद घेतली. चेहऱ्याचे ५० गुणधर्म धरले, म्हणजे ५० मितींचं अवकाश. प्रत्येक पेशी त्या अवकाशातल्या एका अक्षावरचं माप सांगत होती, त्या अक्षाला लंब असलेला कुठलाही बदल तिला दिसत नव्हता. या मापांवरून त्यांनी माकडानं पाहिलेला चेहरा परत रेखाटला आणि तो मूळ चेहऱ्याशी इतका जुळला की बघत राहावं. अकरावीतला लंबप्रक्षेप, म्हणजे बाणाचं एका अक्षावर पडणारं माप, या पेशी काढतात.

कानामात्रा (रविवार, रात्री ९.३०)

गणितातल्या सौंदर्यावर मेंदू काय म्हणतो, याचा एक प्रयोग वाचला होता त्यावर तुमची मतं हवीत. २०१४, मेंदूशास्त्रज्ञ सेमिर झेकी आणि सहकारी, ज्यांत मायकेल अतिया हे थोर गणितज्ञही होते. पंधरा गणितज्ञांना साठ समीकरणांना सुंदर ते कुरूप असे गुण द्यायला सांगितले आणि मग मेंदूचं चित्रण केलं. सुंदर वाटलेल्या समीकरणांना कपाळामागच्या, डोळ्यांच्या वरच्या त्याच भागात हालचाल दिसली, जिथे सुंदर चित्र आणि सुंदर संगीत यांनाही दिसते. सर्वांत सुंदर ठरलेल्यांत ऑयलरचं, ई, आय, पाय, एक आणि शून्य यांना एका ओळीत गुंफणारं. आणि सातत्यानं कुरूप ठरली ती रामानुजनची, पायच्या व्यस्ताची अनंत श्रेणी. मला याचा रागच आला.

घनमूळ (रविवार, रात्री १०.१५)

राग समजतो. ती १९१४ ची श्रेणी समोर ठेवली तर ९८०१, ११०३, २६३९०, ३९६ असे आकडे कुठूनही आल्यासारखे दिसतात. म्हणजे धक्का जबरदस्त आणि दुसरी पायरी डोळ्यांना दिसत नाही. ऑयलरच्या समीकरणात पायरी चटकन दिसते, वर्तुळावर अर्धा फेरा मारला की संपलं.

पण रामानुजनच्या श्रेणीचं पहिलंच पद घेतलं तर पाय सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर येतो, आणि पुढचं प्रत्येक पद सुमारे आठ नवे अंक देतं. १९८५ मध्ये बिल गॉस्परनं ती वापरून पायचे सुमारे पावणेदोन कोटी अंक काढले, तेव्हा श्रेणीची पूर्ण सिद्धताही हाती नव्हती. ती जोनाथन आणि पीटर बोरवाइन या भावांनी नंतर दिली. त्या सिद्धतेतून आलेल्या माणसाला ते आकडे कुठूनही आलेले वाटत नाहीत. माझ्या मते प्रयोगात समीकरणाचं सौंदर्य मोजलं गेलं नाही, बघणाऱ्यापाशी दुसरी पायरी किती तयार होती ते मोजलं गेलं.

कोकणकडा (सोमवार, सकाळी ७.४५)

हे मान्य. पहिल्यांदाच तुमच्या पायऱ्यांकडे झुकतोय.

रंगपेटी (सोमवार, दुपारी १.२०)

अशक्य चित्रांना दुसरी पायरी नसते असं ताईंनी सुरुवातीला म्हटलंय. एका चित्राला ती ४७ वर्षांनी मिळाली.

१९५४ मध्ये अॅमस्टरडॅमला गणितज्ञांचं जागतिक संमेलन होतं, त्या निमित्तानं एशर या डच चित्रकाराच्या चित्रांचं प्रदर्शन भरलं. तरुण गणितज्ञ रॉजर पेनरोज ते बघून भारावला. परत जाऊन त्यानं अशक्य त्रिकोण रेखाटला, वडील लायोनेल यांनी कधीच न संपणारा जिना, आणि दोघांनी १९५८ मध्ये ते मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापलं. ते एशरपर्यंत पोचलं आणि त्यातून त्याचा १९६० चा जिना आणि १९६१ चा धबधबा आला. कोपरा न् कोपरा बरोबर, सगळं मिळून अशक्य. खोटं बोलणाऱ्याच्या वाक्याचीही प्रत्येक पायरी अशीच बिनचूक असते.

एशरचं १९५६ चं ‘चित्रदालन’ मात्र निराळं. एक मुलगा दालनात चित्र बघतोय, चित्रात शहर आहे, शहर फुगत फुगत जातं आणि त्यातल्या एका इमारतीत तेच दालन आहे जिथे मुलगा उभा आहे. मध्यभागी एशरनं पांढरा गोल सोडला आणि त्यात सही केली. तिथे काय यायला हवं होतं? हेंड्रिक लेन्स्ट्रा आणि बार्ट द स्मित या लायडनच्या गणितज्ञांनी २००३ मध्ये उत्तर दिलं. संमिश्र संख्यांच्या गणितानं चित्र आधी सरळ केलं, भोक भरलं, परत पिळलं. मध्यभागी तेच संपूर्ण चित्र आहे, सुमारे १५७.६ अंशांनी फिरवलेलं आणि सुमारे २२.६ पटींनी लहान केलेलं, त्याच्या मध्यात पुन्हा तेच. एशरला गणिताचं औपचारिक शिक्षण नव्हतं, तरी त्यानं हातानं आखलेली जाळी या गणिताच्या फार जवळ होती.

अबोली (सोमवार, रात्री ९.००)

रंगपेटी, यावरून अॅन अॅडम्स आठवल्या. कॅनडातल्या पेशीशास्त्रज्ञ. मुलाच्या अपघातानंतर त्याच्या देखभालीसाठी घरी थांबल्या आणि चित्रकलेकडे वळल्या. १९९४ मध्ये, ५३ व्या वर्षी, त्यांनी राव्हेल या फ्रेंच संगीतकाराच्या ‘बोलेरो’ या रचनेचं चित्र केलं. संगीताच्या प्रत्येक मात्राखंडाला एक उभा आयत, आवाज वाढेल तशी त्याची उंची वाढते, सुरांप्रमाणे रंग. नंतर पायच्या अंकांचंही चित्र केलं. पुढे कळलं की त्यांना हळूहळू भाषा नेणारा आजार होता. २००७ मध्ये त्या गेल्या, आणि २००८ मध्ये त्यांच्या मेंदूच्या चित्रणाचा अभ्यास छापला गेला. डावा, भाषेचा भाग झिजत होता, उजव्या मागच्या भागाचा काही हिस्सा मात्र सरासरीपेक्षा भरलेला होता.

राव्हेलनं ‘बोलेरो’ १९२८ मध्ये रचलं, तेही ५३ व्या वर्षी. दोनच धुना, पुन्हा पुन्हा. काही वर्षांत त्याचीही भाषा गेली. दोघांचा आजार एकच होता का, याची शक्यता त्या अभ्यासकांनी मांडली आहे. भाषा ओसरत असताना मेंदू रचनेला धरून बसतो, हे मी रुग्णांमध्ये बघते. कोणी फरशा मोजतं, कोणी वाट्या रांगेनं लावतं. घरच्यांना सांगावंसं वाटतं की त्यांना ते करू द्या.

पहाटवारा (मंगळवार, सकाळी ६.५५)

कानामात्रांच्या वाक्यांवरून मला एक जोडी सुचली.

या वाक्यात पाच शब्द आहेत.
या वाक्यात पाच शब्द मुळीच नाहीत.

दोन्ही खरी आहेत. एखादं विधान आणि त्याचा नकार दोन्ही खरे कसे?

घनमूळ (मंगळवार, सकाळी ७.३०)

पहाटवारा, फार छान. दुसऱ्या वाक्यात सहा शब्द आहेत, म्हणून ते खरं. पण ते पहिल्याचा नकार नाही. ‘या’ म्हणजे प्रत्येक वाक्यात ते वाक्य स्वतः, तेव्हा दोन्ही वाक्यं निरनिराळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. पहिल्याचा खरा नकार हवा असेल तर त्याखाली लिहावं लागेल : वरच्या वाक्यात पाच शब्द नाहीत. हे वाक्य खोटं आहे, आणि तर्क जागच्या जागी राहतो.